अण्णांची चौथी रात्र

अण्णा गेले हे मला कंपनीच्या फोनवर कळलं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या कारखान्यात आम्हा कामगारांसाठी एकच फोन, सुपरवायझरच्या टेबलावर, आणि त्यावर कुणाला चांगली बातमी आल्याचं मला तरी आठवत नाही. पलीकडून अण्णांचे अरसीकेरेचे शेजारी कन्नडात सांगत होते... पूजा आटोपून उठले, भिंतीला हात लावला, तसेच खाली बसले, डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी नुसता 'हो, हो' म्हणत होतो. थोरला भाऊ गेला म्हटल्यावर माणसाला रडू यायला हवं की नको? मला आठवलं ते दसऱ्यानंतरच्या एका शुक्रवारचं जेवण, आमच्या कोरमंगलाच्या घरातलं, आणि अण्णांचा प्रश्न, "विशू, या खेपेस एक रात्र जास्त राहिलो तर चालेल काय रे?" मी नाही म्हणालो होतो. हसत हसत, पण नाहीच म्हणालो होतो. त्याला आता काही महिने झाले, अण्णांना जाऊन सहा आठवडे झाले, आणि अजून जेवताना घास हातात घेतला की मला तेच ऐकू येतं.

अण्णा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, तेव्हा मला वाढवलं, डिप्लोमापर्यंत शिकवलं ते त्यांनीच. रेल्वेत गार्ड होते. उभं आयुष्य गाडीच्या शेवटच्या डब्यात, हातात हिरवं नि लाल निशाण. आमच्या वैनी चेष्टेनं म्हणायच्या, "लग्न माझ्याशी लावलं आणि संसार मालगाडीशी केला." खोटं नव्हतं ते. महिन्यातले पंधरा दिवस वैनी क्वार्टर्समध्ये एकट्या. म्हणून निवृत्त झाल्यावर अण्णांनी अरसीकेरेला दोन खोल्यांचं घर बांधलं आणि जाहीर केलं की आता जो काही प्रवास तो दोघांनी मिळून, बसून, खिडकीशी. रेल्वेचा पास होताच. दसरा झाला की दोघं निघायची ती दिवाळीच्या तोंडावर परतायची. आणखी एक हौस होती त्यांची. नोकरीत असताना डब्यातून जी तळी दिसायची, नद्या दिसायच्या, तिथे कधी उतरायला मिळालं नाही, तर आता प्रत्येकीच्या काठावर एकदा तरी गळ टाकून बसायचं. लोक निवृत्तीनंतर काशीला जातात, आमचे अण्णा तळ्यांना जात.

आधी धारवाड, तिथे आमची ताई. मग बेळगाव, तिथे त्यांची लेक सुलभा. शेवटी आम्ही, बंगळूर. गंमत अशी की बेळगावहून इकडे येताना गाडी त्यांच्याच अरसीकेरेवरून यायची. स्वतःचं स्टेशन खिडकीतून बघायचे, तिथे ओळखीच्या पोर्टरला हात करायचे, आणि उतरायचे मात्र नाहीत. मी एकदा म्हटलं, "अण्णा, घर ओलांडून कसले येता? उतरून दोन दिवस विश्रांती तरी घ्या." तर म्हणाले, "बंगळूर शेवटचं स्टेशन. गार्ड मधेच उतरत नसतो."

प्रत्येक घरी तीन रात्री. चौथ्या सकाळी चहा घेऊन बाहेर. हा कायदा वैनींचा, आणि त्याला कारण माधवमामा. अण्णांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा हे माधवमामा आठवड्यासाठी म्हणून क्वार्टर्समध्ये आले आणि चार महिने राहिले. एका खोलीचं घर ते! वैनींनी तेव्हाच देवासमोर सांगितलं की मी कुणाच्या घरी चौथी रात्र काढणार नाही. तेव्हापासून आमच्या घराण्यात कुणी जरा जास्त रेंगाळलं की 'माधवमामा झाला' म्हणायचं. लहान पोरंसुद्धा म्हणतात, त्यांना तो माणूस कोण हेही ठाऊक नाही.

आमच्याकडे आले की दुसऱ्या दिवशी पहाटेच दोघं आमच्या जवळच्याच आगऱ्याच्या तलावावर. आता तिकडे एचएसआर लेआउट म्हणून दगड रोवून साइटी, म्हणजे प्लॉट, पाडल्यात, रस्ते आखलेत, पण अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा रागीची शेतं होती आणि रिक्षावाले तिकडे यायला कुरकुरत. वैनींच्या पिशवीत चटई, थर्मास, रागीच्या पिठाचा मळलेला गोळा. अण्णांच्या खांद्यावर बांबूच्या काठ्यांचं बोचकं, आपल्याच एका जुन्या हिरव्या निशाणात गुंडाळलेलं. गोळ्यातलं बोराएवढं पीठ गळाला लावायचं, दोरीला बांधलेला मोरपिसाचा देठ पाण्यावर तरंगत राहायचा, आणि दोघं त्याच्याकडे बघत बसायची. बोलायचं नाही. अकरापर्यंत जिलेबी मासे घेऊन घरी. इकडे तिलापियाला जिलेबी म्हणतात, आणि माझी बायको शैला पुण्याची, तिनं पहिल्या वर्षी 'जिलेबी आणली' ऐकून ताट पुढे केलं होतं. वैनीच मागच्या मोरीवर बसून मासे साफ करायच्या, कालवण करायच्या, आणि मी संध्याकाळी कंपनीच्या बसनं येऊन ते ओरपायचो. सात वर्षं आले, सात वर्षं मी ओरपलं. तलावावर एकदाही गेलो नाही. मधल्या दोन वर्षी रविवार मिळाला होता. एका रविवारी कुणाचं तरी लग्न होतं. दुसऱ्या रविवारी अण्णा पहाटे माझ्या दाराशी येऊन हळूच "विशू?" म्हणाले, मी जागा होतो, आणि मी उत्तर दिलं नाही. हे मी शैलालाही आज पहिल्यांदाच सांगतोय.

या वर्षी आले ते बुधवारी. जरा वाळलेले वाटले, पण मी विचारलं नाही, वाटलं प्रवासाचा शीण. शुक्रवारी रात्री जेवताना त्यांनी तो प्रश्न विचारला. खाली मान घालून, भातात आमटी कालवत. मोठ्या भावानं धाकट्याला असं विचारायचं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा कळायला नको? मी एकदम ओरडलो, "अण्णा, कायदा म्हणजे कायदा! तुमचा माधवमामा झाला!" शैला हसली, वैनी हसल्या, अण्णाही हसले. म्हणाले, "सरी, सरी, ठीक आहे. कायदा मोडायचा नाही." आणि ताक मागितलं. झालं, विषय संपला. आता खरं सांगतो. ती नुसती चेष्टा नव्हती. त्या रविवारी मला कंपनीतल्या एकाबरोबर साइट बघायला जायचं होतं, सकाळी जाऊन दुपारी झोपायचं होतं, आणि अण्णा कायद्याला कबूल झाले तेव्हा मला बरं वाटलं. सुटलो असं वाटलं.

शनिवारी सकाळी रिक्षा दाराशी. निघताना अण्णांची एक ठरलेली सवय होती. सामान रिक्षात चढलं की बोटानं एकेक नग मोजायचे, "एक, दोन, तीन, चार..." मग मान हलवून "सरी!" म्हणायचे, आणि तेवढ्यानंतरच रिक्षावाल्यानं हलायचं. गार्डच तो. त्या दिवशी तीनवर थांबले आणि "सरी" म्हणाले. मी म्हटलं, "अण्णा, चार ना? काठ्या कुठायत?" म्हणाले, "ते राहू दे तुझ्याकडे, माळ्यावर टाकलंय. ओझं कशाला नाचवायचं?" मला कंपनीच्या बसची घाई. मी बरं म्हटलं. रिक्षा वळली तेव्हा त्यांनी मागे बघून हात हलवला, पण मी घड्याळ बघत होतो.

अरसीकेरेला तेराव्यापर्यंत होतो. सगळे नातेवाईक, सगळी कामं, आणि माझ्या मनात एकच. त्यांना चौथी रात्र कशाला हवी होती? छातीत दुखत होतं का? बंगळूरच्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचं होतं का, आणि मी दारातून काढलं? वैनींना विचारायला दोनदा तोंड उघडलं. दोनदा त्यांचा चेहरा बघून पाणीच मागितलं. ताई म्हणाली, "विशू, किती पाणी पितोस रे?" तिला काय सांगणार, डोंबल!

महिन्यानंतर मी हट्टानं वैनींना आमच्याकडे घेऊन आलो. बुधवारी आल्या, अगदी तसंच. गुरुवार, शुक्रवार गेले. शैलाशी बोलायच्या, भाजी निवडायच्या, मधेच हात थांबायचा. शनिवारी सकाळी मी बाहेर आलो तर वैनी नवी साडी नेसून, बॅग भरून, ती दाराशी ठेवून खुर्चीत बसलेल्या. "रिक्षा बोलाव रे विशू. तीन झाल्या." इतक्या साधेपणानं म्हणाल्या की माझा बांधच फुटला. पन्नाशीला आलेला बाप्या मी, त्यांच्या पायाशी बसून हमसून हमसून रडलो. म्हटलं, "वैनी, त्यांना काय होत होतं? मी त्यांना राहू दिलं नाही. तुम्ही शिव्या द्या मला, पण सांगा."

वैनी म्हणाल्या, "त्यासाठी होय? काही होत नव्हतं रे त्यांना. रविवारी तुला सुट्टी ना, म्हणून. तुला तलावावर न्यायचं होतं." मी म्हटलं, मला? "तू सहा-सात वर्षांचा होतास म्हणे. तुला घेऊन गळ टाकायला गेले, आणि तू पाण्यात दगड मारलास. मासे पळाले. तुला मारत मारत घरी आणलं, आणि पुन्हा कधी नेलं नाही. तुला आठवतंय काय?" मला काही, काहीसुद्धा आठवत नाही. "त्यांना आठवायचं. काठावर बसले की दरवर्षी एकदा तरी म्हणायचे, विशूला एकदा आणायला पाहिजे. मी म्हणे, मग विचारा की. तर म्हणायचे, त्याला काम असतं."

मी माळ्यावर चढलो. निशाण सोडलं. आत दोन काठ्या. एक अण्णांची, मुठीशी काळी पडलेली. दुसरी कोरी, पाण्याचा थेंबही न लागलेली, आणि तिची मूठ सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळून चांगली जाड केलेली. माझ्या उजव्या हाताचा अंगठा पूर्वी मशीनमध्ये सापडला होता, तेव्हापासून तो वाकत नाही, बारीक वस्तू मला धरता येत नाही. घरात हे कुणाच्या लक्षातही नसतं. मी ती मूठ धरली. बरोब्बर बसली.

"वैनी," मी माळ्यावरूनच म्हटलं, "आजची रात्र राहा."

त्या उठल्या आणि बॅग आत नेऊन ठेवली.

रविवारी आम्ही दोघं आगऱ्याला गेलो. वैनींनी पीठ मळलं, गळाला लावून दिलं, पिसाचा देठ किती वर बांधायचा ते दाखवलं. मी दोनदा दोरी बाभळीत अडकवली. मग बसलो. मला गप्प बसवत नाही, मी म्हटलं, "वैनी, ते कुठे बसायचे?" त्यांनी बोट ओठावर ठेवलं. ऊन वर आलं, पलीकडे साइटींवर विटांची लॉरी रिकामी होत होती, देठ हलला नाही. एकही मासा लागला नाही. परतताना वैनी म्हणाल्या, "पहिल्या दिवशी त्यांनाही लागला नव्हता," आणि पदरानं डोळे पुसले. घरी येऊन आम्ही मागच्या मोरीवर बसून दोघांनीही काठ्या धुतल्या, गरज नसताना.

सोमवारी त्या निघाल्या. मी रजा टाकली. रिक्षात बॅग चढली, पिशवी चढली, शैलानं दिलेला डबा चढला. वैनी आत बसल्या आणि समोर बघत राहिल्या. मला कळेना रिक्षा का हलत नाही. मग लक्षात आलं, मीच हात वर करून उभा आहे आणि बोटानं मोजतोय. एक. दोन. तीन. पुढचा शब्द काही केल्या बाहेर येईना. रिक्षावाल्यानं मान वळवून विचारलं, "सरीना, सार्?"

मी म्हटलं, "स्वल्प थांब. एक माझ्याकडे राहिलंय."