वन्संचा नाशिकचा मुक्काम

१५ डिसेंबर. काल वन्संच्या अस्थी नाशिकला न्यायच्या होत्या. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. जन्मभर आमच्याकडेच राहिल्या. मातीचा कलश लाल फडक्यात बांधला, पिशवीत बसवला, कडेने टॉवेल कोंबले आणि भुसावळला पहाटेची गाडी धरली. वन्संनी एकच मागितले होते: "मला रात्री झाडाला टांगू नका गं. एकटीला झोप येत नाही." मी हो म्हटले होते.

गाडी मनमाडला अडकली. रामकुंडावर पोहोचले तेव्हा गुरुजी घरी निघालेले. "आता उद्या सातला या."

धर्मशाळेच्या बाईंनी माझी वळकटी उचलली, पिशवी पाहून थबकल्या. "ताई, तुम्ही या. कलश उंबऱ्याच्या आत नाही. मागे चिंचेला टांगा, सगळे टांगतात."

"नाही टांगणार," म्हणून मी पिशवीसह बाहेर पडले.

पुढच्या गल्लीत जुन्या वस्तूंचे संग्रहालय होते. दारावरचा निफाडकडचा रखवालदार म्हणाला, "मावशी, पिशवी हितं ठेवा."

"अस्थी आहेत."

तो दोन पावले सरकला. मग म्हणाला, "मंग न्या आत. आत बी त्येच हाय."

आत मंद उजेडात दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवले होते. तीन हजार वर्षांपूर्वी गोदा-प्रवरेकाठची माणसे गेलेले मूल अशा रांजणांत घालून घराच्या जमिनीखालीच पुरत, असे पाटीवर लिहिले होते. रांजण धान्याच्या रांजणांसारखेच. वर चूल पेटत असेल, कुणी दळत असेल, आणि खाली मूल निजलेले. किती वेळ उभी होते कोण जाणे. पिशवी हाताला जड लागेना.

परतल्यावर बाईंकडे बाज (सुंभाची खाट) मागितली आणि चिंचेखाली टाकली. कलश उशाशी घेतला.

"वेड्या आहात का? या थंडीत? मी तर दिवसाही त्या झाडाखाली जात नाही!"

"तुम्ही आत झोपा," मी म्हटले.

नदीवरून धुके आले. आधी देवळांचे कळस गेले, मग घाट, मग माझेच पाय. घंटा पाण्याखालून वाजल्यासारखी ऐकू येत होती. वन्सं घोरतायत असे वाटले आणि डोळा लागला.

सकाळी पाहिले, तर घोरत होत्या त्या धर्मशाळेच्या बाई. माझ्या बाजेला खेटून त्यांनी दुसरी बाज टाकली होती. माझी चादर त्यांच्या अंगावर घातली, कलश उचलला आणि सातच्या आत रामकुंड गाठले.