जेवणाची सुट्टी : आहे / नाही

टॅब आला त्या वर्षी माझा कामावरचा जोडीदार गेला. गेला म्हणजे वारला नाही, त्याचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही, एवढंच. त्याआधी आम्ही दोघं कागदी फॉर्म घेऊन हैदराबादभर हिंडायचो. देशभर चालणारं सर्वेक्षण होतं. कुठल्या धंद्यात किती माणसं कामाला आहेत, त्यांना नेमणुकीचं पत्र मिळालंय का, भरपगारी रजा आहे का, प्यायला पाणी आहे का, असे सगळे प्रश्न. मालक तेलुगू बोलणारा असला की जोडीदार विचारायचा आणि मी लिहायचो. उर्दू बोलणारा निघाला की मी विचारायचो आणि तो लिहायचा. टॅबला दोन माणसं लागत नाहीत. मी जरा भराभर टाइप करतो म्हणून मी राहिलो. यात माझी दुसरी काही लायकी नव्हती.

तो आता गावी झेरॉक्सचं दुकान चालवतो. सुरुवातीला रोज फोन व्हायचा, मग रविवारी, मग सणावारी. भांडण काही झालं नाही. बरोबर चालणं संपलं, त्याबरोबर बोलायचे विषयही संपले.

मी नारायणगुड्यात एका खोलीत राहतो. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही याची काही सुरस कथा नाही. आमचे आजोबा निजामाच्या राज्यात शेती सोडून इथे आले. आता नात्यातले बहुतेक लोक पुण्याला गेले आणि मी तेवढा मागे राहिलो. सकाळी डबा भरून बाहेर पडतो, दिवसभर दुकानं, कारखाने, गाळे पालथे घालतो आणि संध्याकाळी परत येतो. दिवसभर तोंड बंद नसतं. तरी कुलूप उघडताना वाटतं, आज आपण कुणाशीच बोललो नाही. या कामातली ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती.

लोकांना आम्ही कोण वाटतो ते त्यांच्या तोंडावर दिसतं. कुणाला टॅक्सवाला वाटतो, कुणाला वर्गणीवाला. तारनाक्याच्या एका चष्मेवाल्याने तर मला तीन वेळा "मालिक बाहर गए" सांगितलं, आणि तीनही वेळा तो स्वतःच मालक होता. मला राग येतो, पण कामाच्या जागी राग दाखवता येत नाही. टॅबच्या पहिल्याच पानावर एक मजकूर असतो, तो वाचून दाखवायचा : तुम्ही दिलेली माहिती गुप्त राहील, तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी तो हजार वेळा वाचला असेल. न बघता म्हणता येतो.

जोडीदाराची एक सवय होती. फॉर्म पुरा झाला की पेन्सिल कानावर ठेवून तो समोरच्याला विचारायचा, "भोजनम् अयिंदा?" जेवण झालं का? तेलुगू माणूस हे कुणालाही विचारतो, त्यात विशेष काही नाही. पण तेवढ्याने समोरचा सैल व्हायचा. मग आम्ही कुठल्यातरी झाडाखाली डबे उघडायचो. त्याच्या डब्यातली गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी माझ्याकडे यायची, माझी ज्वारीची भाकरी त्याच्याकडे जायची. भाकरी जाड झाली की तो म्हणायचा, तुझ्या स्वयंपाकाला वेगळी आस्थापना म्हणून नोंदवायला हवं. आमच्या कागदावर बांगड्यांच्या टपरीलाही ‘आस्थापना’ म्हणतात, त्यावरून ही चेष्टा.

तो गेल्यावर मी त्याचा प्रश्न चालवू लागलो. मात्र माझ्या तोंडून तो बदलला. टॅबवर ‘जेवणाची सुट्टी’ असा एक मुद्दा आहे, उत्तर आहे किंवा नाही. मालक ‘आहे’ म्हणाला की आपण ‘आहे’ दाबायचं आणि पुढे जायचं. मी निघताना कामगारांपैकी कुणाला तरी विचारायचो, "जेवता कुणाबरोबर?" हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेही नव्हता. मला ते ऐकायला आवडायचं, म्हणून मी विचारायचो. एका छापखान्यातले तिघे एकाच ताटात खायचे. एक गुरखा गल्लीतल्या मांजरीबरोबर जेवायचा. मी ते शेऱ्याच्या रकान्यात लिहून टाकायचो. शेरे कोणी वाचत नाही, अशी माझी समजूत होती.

मग कुकटपल्लीचा एक कारखाना सर्वेक्षणाच्या यादीत आला. मेंदीची आणि शिकेकाईची पूड पाकिटांत भरायचं काम, आणि कामाला चौदा बायका. दारातून आत गेलं की सगळंच हिरवं दिसायचं. लाद्या हिरव्या, पंख्याची पाती हिरवी, बायकांच्या पापण्यासुद्धा हिरव्या. मालक टेबलाशी बसून उत्तरं देत होता.

"लंच ब्रेक? हौ जी, सबकू है. पूरा एक घंटा."

मी ‘आहे’ दाबलं आणि टॅब अडकला. मी त्याला पुटपुटत म्हणालो, "आता काय झालं रे बाबा तुला?" तेवढ्यात पलीकडून हसू आलं.

"मराठी बोलता का हो दादा तुम्ही?"

पाकिटांची तोंडं गरम पट्टीत दाबून बंद करायची मशीन असते, तिच्यावर ती बसली होती. पन्नाशीची, बिदरकडची. पायाने मशीन दाबता दाबताच बोलत होती. घरी मराठी बोलायला कुणी राहिलं नाही, लेकरांना समजतं पण ती तेलुगूत उत्तर देतात, असं तिने सांगितलं. तळहात दाखवून म्हणाली, "हे बघा, बाराही महिने रंगलेले. बसमधी लोकायला वाटतंय घरी लगीन हाय." किती दिवसांनी मी मराठीतून हसलो होतो, मलाच आठवेना. मालक फोनवर बोलायला बाहेर गेला आणि मी माझा प्रश्न विचारला.

"कुणासंगं म्हंजे? एकटीच. बारी-बारीनं खातोत आम्ही. पाच मिन्टं, मशीनच्या मागं, उभ्यानं. मशीन थांबली की मालक ओरडतेत." मग तिने विचारलं, "आन् तुम्ही?"

हा प्रश्न मला आजवर कुणी उलटा विचारला नव्हता. "ऑफिसात," मी म्हणालो, "सगळ्यांबरोबर." असं खोटं मी का बोललो, ते मला नीट माहीत आहे. लाज वाटली म्हणून.

बाहेर येऊन बसथांब्यावर बसलो आणि शेरा लिहिला. सवयीपेक्षा जरा लांबच लिहिला : ‘मराठी भाषिक महिला कामगाराच्या सांगण्यानुसार सुट्टी प्रत्यक्षात पाच मिनिटं, आळीपाळीने, एकटीने, उभ्याने.’ तिचं नाव मी विचारलंही नव्हतं, त्यामुळे नियम मोडला असं मनातसुद्धा आलं नाही. ‘मराठी भाषिक’ लिहायचं काहीएक कारण नव्हतं. मला ते दोन शब्द लिहायला बरं वाटलं, म्हणून लिहिले. मग टॅब बंद करून डबा उघडला.

पंधरवड्याने तपासणी अधिकाऱ्याचा फोन आला. आमच्यापैकी कोण खरोखर जागेवर गेलं आणि कोणी घरी बसून फॉर्म भरला, हे बघायला हे अधिकारी काही ठिकाणी पुन्हा जातात. आमचं पुढचं कंत्राट त्यांच्या एका ओळीवर असतं. पण साहेब खुशीत होते.

"रिमार्क एकदम बढिया लिखे जी तुम. मालिक घंटा बोलरा, तुमारा रिमार्क पाँच मिनट बोलरा. मैं पूछा, ये मराठी बोलनेवाली कौन है बोलके. एकीच थी, मालिक झट से दिखा दिया. बहुत शर्मिंदा हुआ. सुधारता बोला."

मी "जी साहब" म्हणालो. साहेब आणखी काहीतरी चांगलं बोलत राहिले, ते माझ्या कानात शिरलं नाही. चौदाजणींत मराठी बोलणारी एकच होती. नाव लिहिलं असतं तर निदान एकाच नावाच्या दोघी असण्याची आशा करता आली असती. मी तर तिच्याकडे सरळ बोट दाखवलं होतं. तिचं काम गेलं असेल, हाच विचार रात्रभर डोक्यात होता. पन्नाशीच्या बाईला कुकटपल्लीत दुसरं काम कोण देणार, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तेच तर मी दारोदार विचारत फिरतो.

दुसऱ्या दिवशी सुट्टी घेतली. बिनपगारी, आम्हाला दुसऱ्या प्रकारची नसते. बाराच्या सुमारास कारखान्यावर पोचलो. वॉचमनने मागच्या भेटीवरून ओळखलं आणि आत सोडलं. मशीनवर दुसरीच कोणी पोरगी बसली होती. मी तिथेच उभा राहिलो. कुणीतरी मानेनेच मागच्या बाजूला खूण केली.

मागे पत्र्याची शेड होती आणि खोक्यांची चळत. ती भिंतीला टेकून बसली होती, डबा शेजारी, बंद. काम गेलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी मूर्खासारखा हसलो.

ती हसली नाही. "काय लिहून घेतलं हो माझ्याबद्दल?"

"नाव नव्हतं लिहिलं."

"नाव कशाला लागतंय? मराठी बोलणारी, असं ते साहेब बोल्ले म्हणे. मी एकटीच हाय हितं." मग म्हणाली, "आता मला सुट्टी हाय. बारा ते एक, पूरा घंटा. मलाच. बाकीच्या पोरी तशाच, बारी-बारीनं, पाच मिन्टं. माझी मशीन काढून दिली दुसरीला. मी हितं खोके जोडते."

मी म्हणालो, घंटा मिळाला हे तरी बरं झालं. हे बोलायला नको होतं.

"काय बरं झालं? पहिलं पाच मिन्टं खात होते, पर बाजूला पोरी होत्या. एक गाणी म्हणायची, एक सासूच्या गोष्टी सांगायची, मशीनच्या आवाजातबी सगळं ऐकू यायचं. उभ्यानं खाल्लेलं कळायचंबी नाही. आता घंटाभर भिताडाकडं बघत बसते. सांगा तुम्हीच, काय करू ह्या घंट्याचं?"

"मालकाशी बोलतो मी."

"नका. मागच्या बारी बोल्लात तेच लई झालं."

ती चिडलेली होती आणि तिचं एक अक्षरही चुकीचं नव्हतं. ‘एकटी’ हा शब्द तिच्या तोंडून निघाला तेव्हा ती फक्त जेवणाबद्दल बोलत होती. त्यात माझी खोली, माझा जोडीदार, माझा बसथांबा मी घातला. तिच्या उत्तरात मी माझंच दुःख वाचलं आणि सरकारला कळवून मोकळा झालो.

पिशवीत माझा डबा होता. मी म्हणालो, "मी बसू का जरा इथेच? माझंही जेवण व्हायचंय."

तिने माझ्या पिशवीकडे पाहिलं. "तुम्ही तर ऑफिसात खाता बोल्लात. सगळ्यांसंगं."

मी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिलो. तिचा चेहरा थोडा निवळला. मग तिने दाराकडे पाहिलं. आतून दोघीतिघी माना वळवून बघत होत्या.

"बसू नका दादा," ती हळूच म्हणाली. आवाजात मघाचा राग नव्हता. "पोरी बघायल्यात. बाप्या माणूस घंटाभर मागं येऊन बसला म्हंजे उद्या काय काय बोलतील. तुम्ही जाल, मला हितंच ऱ्हायचंय."

मी निघालो. फाटकाबाहेर तोच बसथांबा. बसलो आणि डबा उघडला. भाकरी नेहमीसारखी जाड झाली होती.

माझं कंत्राट पुढे चालू राहिलं. साहेबांनी चांगली ओळ लिहिली असणार. आता मी फॉर्मबाहेरचा प्रश्न विचारत नाही, शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवतो. मालक ‘आहे’ म्हणाला की ‘आहे’ दाबतो. पहिल्या पानावरचा मजकूर मात्र न बघता म्हणत नाही, वाचून म्हणतो.

आणि मी बाराला जेवतो. पूर्वी एक, दीड, कधी दोन व्हायचे. आता तारनाक्याला असलो, नारायणगुड्यात असलो, समोरचा मालक ऐन रंगात येऊन उत्तरं देत असला, तरी बाराला थांबतो आणि बसायला जागा शोधतो. तिला हे माहीत नाही आणि कळून तिचं काही भलंही होणार नाही. जेवण दहा मिनिटांत उरकतं. मग डबा बंद करून तिथेच बसून राहतो, आणि एक वाजला की उठतो.