टीममधला पॅडवाला

चारुदत्त निमकर अबुधाबीतल्या एका बँकेत नेटवर्क सांभाळतो. मूळचा पुण्याचा, वय बेचाळीस. बायको प्रमिला शाळेत शिकवते, मुलगी मिहिका नववीत आहे. ऑफिसात तो मऊ बोलणारा म्हणून ओळखला जातो. पण घरी, स्वतः पार्ट जोडून बनवलेल्या गेमिंग पीसीसमोर हेडफोन चढवून बसला की त्याचा आवाजच बदलायचा.

दर शनिवारी नाश्ता झाला की पाच मराठी माणसं ऑनलाइन जमायची. पाच विरुद्ध पाच, समोरच्यांचा तळ काबीज करायचा, असा तो बंदुकांचा गेम. दोन वर्षं खेळूनही त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं; ओळख सगळी आवाजाची. चारुदत्त कॅप्टन होता. चौघे कॉम्प्युटरवर खेळायचे. पाचवे राजन तेंडोलकर, उम्म अल कुवैनला राहणारे, चौपन्न वर्षांचे स्टोअरकीपर. ते टीव्हीला जोडलेल्या गेमच्या कन्सोलवर खेळायचे, हातात बटणांचं पॅड धरून. नेम चांगला होता, डोकं शांत होतं.

चारुदत्तला ते पॅड खुपायचं. "कन्सोल सोफ्यावर लोळून एकट्याने खेळायला ठीक आहे," तो म्हणायचा. "ऑनलाइन मॅच म्हणजे कीबोर्ड आणि माउस. पॅडवाल्याला अर्धा नेम मशीनच धरून देतं."

राजनदादा नुसते हसायचे. "मला आपलं हेच जमतं बघा."

मागच्या हिवाळ्यात तिथल्या एका मराठी मंडळाने दुबईत स्पर्धा ठेवली. नियम साधा होता, कुणी कशावरही खेळा. पण चारुदत्तने आपल्या टीमसाठी वेगळा नियम काढला.

"सगळे पीसीवर. राजनदादा, एक महिना आहे, सवय होईल."

"पीसी घेतो की," राजनदादा म्हणाले. "त्याला पॅड जोडलं तर चालेल ना?"

"मग पीसी घेऊन काय उपयोग? पॅड लावायचं असेल तर मी दुसरा माणूस बघतो."

 मग राजनदादा म्हणाले, "नको. करतो प्रॅक्टिस."

त्यांनी ओळखीच्या दुकानातून जुना पीसी आणला. पुढचे तीन शनिवार भयानक गेले. त्यांचा सैनिक वळायच्या जागी सरळ जायचा, गोळी झाडायच्या वेळी खाली बसायचा. चारुदत्त चारचौघांत ओरडायचा, "दादा, चार बटणं आहेत फक्त. लहान मुलं खेळतात." राजनदादा दर वेळी "सॉरी, सॉरी" म्हणायचे.

तिसऱ्या शनिवारी त्यांचा सैनिक एका भिंतीला धडका देत राहिला आणि मॅच गेली. चारुदत्तने मॅचच्या रेकॉर्डिंगमधला तेवढाच तुकडा कापून खाली हसणारे चेहरे टाकले आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवला. सगळे हसले. राजनदादांनीही हसणारा चेहरा टाकला. चारुदत्तने तो व्हिडिओ मिहिकाला दाखवला. तिने पूर्ण पाहिला आणि फोन परत दिला.

"बाबा, दॅट्स सो मीन."

"अगं, गंमत आहे. त्यांनाही हसू आलंय, बघ."

"ही हॅड टू. हसावंच लागलं असणार," ती म्हणाली आणि अभ्यासाला गेली.

स्पर्धेच्या दिवशी दुबईच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर कॉम्प्युटर मांडले होते. एका बाजूला टीव्ही आणि कन्सोलही होते. पाचही जण पहिल्यांदाच समोरासमोर भेटले. राजनदादा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी उजव्या हाताने हात मिळवला. डावा खिशात होता. चारुदत्तच्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांनी तो हात काढला आणि कीबोर्डवर ठेवला.

तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही अर्ध्यावर संपलेली होती. पुढे जायचं बटण दाबायला ते अख्खा पंजा उचलून सरकवत होते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताणलं की मनगट वाकडं व्हायचं. पॅडवर काम बहुतेक अंगठ्यांचं असतं, आणि अंगठे त्यांचे धड होते.

 चार बटणं आहेत फक्त, हे आपलंच वाक्य चारुदत्तला आठवलं. तिथे दहा पावलांवर कन्सोल पडून होता. "दादा, तिकडे बसा" एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण तसं म्हणायचं तर आजवरचं सगळं सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. तो गप्प बसला. मॅच सुरू झाली आणि वीस मिनिटांत ते हरले.

"माझ्यामुळे गेलं," राजनदादा उठताना म्हणाले. चारुदत्त तेव्हाही काही बोलला नाही.  

आठ दिवसांनी तो उम्म अल कुवैनला गेला. राजनदादांनी दार उघडलं, चहा टाकला. बोटांचं त्यांनी स्वतःच सांगितलं. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात, नऊ वर्षांपूर्वी, माल सरकवायच्या रोलरमध्ये हात गेला होता.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही लगेच हो म्हणाला असता. पण मग मी दयेवर आत आलो असतो. आणि खरं सांगू? पॅड चालेल का, हे मी विचारलं होतं. पॅडच का, असं तुम्ही विचारलं नाहीत."

चारुदत्तने माफी मागितली. बोलताना त्याची मान खाली होती. राजनदादांनी "खलास, सोडा" म्हटलं आणि कपात अजून चहा ओतला. पण "शनिवारी या" असं तो म्हणाला तेव्हा त्यांनी नकाराची मान हलवली.

"आता आमच्या गोदामातल्या हम्मादच्या टीममध्ये खेळतो मी. सगळे पॅडवाले. हरतो, पण मजा येते."

पीसी त्यांनी हम्मादच्या भाचीला अभ्यासासाठी देऊन टाकला होता.

त्याच संध्याकाळी चारुदत्तने ग्रुपवर झालं ते सगळं लिहिलं. पीसीवरच खेळायचा नियम मंडळाचा नव्हता, माझा होता. हॉलमध्ये बोटं दिसली तरी मी तोंड उघडलं नाही, हेही लिहिलं. व्हिडिओ त्याने काढून टाकला. पण कुणीतरी तो आधीच पुढे पाठवला होता, आणि महिन्याभराने ऑफिसातल्या एकाने त्यालाच दाखवला. "बघ, काय येडा माणूस आहे." चारुदत्त म्हणाला, "तो माणूस येडा नाही. हे मी बनवलंय." समोरचा हसायचा थांबला. 

तो अजून खेळतो, पीसीवरच. कधीकधी समोरच्या टीममध्ये राजनदादांचं नाव येतं. ते मॅचआधी "नमस्कार, निमकर" म्हणतात. तो नमस्कार करतो, आणि मग मॅच संपेपर्यंत त्याला नीट बोलता येत नाही.