इंजिनला गार हवा

आमच्या घरची पिकअप बायकोची आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे माझा अपराध केवढा होता ते कळेल. मिरजगावच्या बाहेर आमच्या दीड एकरात तिनं शेडनेट उभारून रोपवाटिका काढली. मिरची, टोमॅटो, झेंडूची रोपं ट्रेमध्ये वाढवायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन पोचवायची. रोपं तिची, गिऱ्हाईक तिचं, गाडी चालवतेही तीच. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसतो, ट्रे उतरवतो आणि तिनं न विचारलेल्या गोष्टींची शास्त्रीय कारणं सांगतो.

त्या उन्हाळ्यात गाडी चढाला दमायला लागली. खर्ड्याकडं जाताना एक चढ लागतो. फार मोठा नाही, पण एकदा तिथं कडब्यानं भरलेला ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेला. ट्रॅक्टरवाल्यानं वळून आमच्याकडं बघितलं. बायकोला त्याचं काही वाटलं नाही. मला फार वाटलं.

"फिटरला दाखवू," ती म्हणाली.

"मी बघतो," मी म्हणालो.

आमच्या घरात 'मी बघतो' म्हटलं की जरा शांतता पसरते. या आधी मी मिक्सर बघितला होता.

मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यात एक परदेशी गृहस्थ आपल्या पिकअपला घरच्या घरी पाईप जोडून बाहेरची गार हवा थेट इंजिनपर्यंत नेत होता. गार हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, मग इंधन नीट जळतं आणि ताकद वाढते. अरे, हे तर मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो! आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीला ते लागू पडतं, हे एवढ्या वर्षांत सुचलं नाही याचंच मला वाईट वाटलं.

विहिरीजवळ चार इंची पीव्हीसी पाईपचे तुकडे पडलेले होते. बॉनेटखाली बॅटरीला वळसा घालायचा तर पाईप वाकवायला हवा होता. मी तो स्वयंपाकघरात नेऊन गॅसवर धरला.

"काय करपलं?" बायकोनं शेडमधून ओरडून विचारलं.

"काही नाही. प्रयोग चाललाय."

पहिला तुकडा काळा पडला. दुसरा मात्र मऊ झाला आणि हवा तसा वळला. तापवला की पाईप मऊ होतो हे बघून मला इतका आनंद झाला, की त्या आनंदात जे लक्षात यायला पाहिजे होतं ते आलंच नाही.

एअर फिल्टरच्या डब्याला कंपनीनं एक काळं, बारीकसं रबरी नळकांडं लावलेलं होतं. ते मी उपटून गोदामात टाकलं. त्या जागी माझा पाईप बसवला, क्लॅम्प आवळला, सांध्यांना सोल्युशन लावलं. पाईपचं तोंड पुढच्या जाळीपर्यंत न्यायचं ठरलं होतं, पण चार इंची पाईप तिथून जाईना. मग ते रेडिएटरच्या मागंच ठेवलं आणि तेलाचा रिकामा कॅन कापून केलेलं नरसाळं त्याला बाइंडिंग वायरनं बांधलं. वरून चंदेरी रंग दिला.

"बॉनेट झाकलं की दिसणारच न्हाई. मग रंग कशाला?" बायको म्हणाली.

याला माझ्याकडं शास्त्रीय कारण नव्हतं.

रविवारी सकाळी मिरचीची रोपं भरून आम्ही खर्ड्याला निघालो. तिनं गाडी चालू केली, तसा बॉनेटखालून घुमल्यासारखा आवाज आला.

"ऐकलंस? श्वास घेतेय," मी म्हणालो.

"घोरतीय," ती म्हणाली.

सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. मी दर दोन मैलांना 'फरक वाटतो ना?' विचारत होतो. तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "व्हय, आवाजात." मी तेही कौतुक म्हणून घेतलं. मग तो चढ आला. घुमणं थांबलं आणि शिट्टीसारखा आवाज यायला लागला. आरशात पाहिलं तर मागं काळा धूर. तिनं गिअर बदलला, परत बदलला. निम्म्या चढावर गाडीनं दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

मी उतरून चाकामागं दगड लावले. ज्या मावशींकडं रोपं न्यायची होती त्यांना तिनं फोन केला आणि त्यांनी गावातला फिटर पाठवते म्हणून सांगितलं. तोवर ऊन चढलं. चार बोटांएवढी कोवळी रोपं ती. त्यांनी माना टाकायला सुरुवात केली. मी बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून ट्रेंवर पाणी शिंपडत राहिलो. एवढं एकच काम मी त्या दिवशी नीट केलं.

फिटर मोटारसायकलवर आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि कमरेवर हात ठेवून जरा वेळ नुसताच बघत उभा राहिला. माझा चंदेरी पाईप रेडिएटरच्या आणि इंजिनच्या उष्णतेनं मऊ पडला होता. आत ओढल्या जाणाऱ्या हवेनं त्याच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या. इंजिनला हवाच मिळत नव्हती.

"हे कुनी बसवलं, ताई?"

मी म्हणणार होतो, एका दुकानदारानं. पण बायको माझ्याआधी बोलली. "यांनी. इज्ञानाचे सर हायेत."

"सर, ह्यो पान्याचा पाईप हाय," तो अगदी आदरानं म्हणाला. "आन् तोंड रेडिएटरच्या मागं. म्हंजी गरम हवाच आत जानार की. कंपनीचं नळकांडं बाहेरूनच गार हवा घेत हुतं. कुटंय ते?"

"घरी आहे," मी म्हणालो.

त्यानं पाईप कापून काढला आणि फिल्टर बाहेर ओढला. तो धुळीनं गच्च भरला होता. रस्त्याच्या कडेच्या दगडावर त्यानं तो आपटला तसा मातीचा ढीग पडला. "आधीपासनं गाडी दमत आसंल ती ह्याच्यानंच. आता पोचा, मग नवा टाका."

फिल्टर परत बसवून, कसलंच नळकांडं न लावता, गाडी तो चढ एका दमात चढली. माझ्या कारागिरीपेक्षा मोकळं भोक सरस ठरलं होतं.

चढ संपल्यावर मी म्हणालो, "चुकलं माझं."

"फिटरला दाखवू म्हटलं हुतं ना मी?"

"रोपवाटिकेत माझं काहीच नाही गं. वाटलं, एक तरी गोष्ट माझ्या हातची असावी."

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "मग ते आधी सांगायचं. शेडमधला पाण्याचे तुषार मारायचा फॉगर महिनाभर गळतोय. तो करा की."

मावशींच्या अंगणात ट्रे उतरवून आम्ही लिंबाच्या सावलीत ठेवले, पाणी दिलं. तासाभरात रोपांनी माना वर केल्या. मावशींनी चहा आणला आणि उशीर का झाला ते विचारलं. बायकोनं सगळं पहिल्यापासून सांगितलं, गॅसवरच्या पाईपसकट. माझी नक्कलही केली. हसता हसता मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आन् एवढ्यासाठी दोन दिस खपत हुते," बायको म्हणाली.

"तीन," मी म्हणालो आणि बशीत चहा ओतला.