एकादशीचा एक्स-रे

आमच्या नाशकात तेव्हा एक्स-रेवाला डॉक्टर म्हणजे देवाच्या खालोखाल. अशाच एकाकडे मी आईला नेलं, आणि त्या माणसाबद्दल आजही माझ्या तोंडून चांगला शब्द निघत नाही.

आईला थंडी वाजून ताप येत होता आणि उजव्या कुशीत कळा. पित्ताशयात पू झालाय का, ते पाहायचं होतं. सोनोग्राफी नाशकात यायला अजून अवकाश होता. आदल्या रात्री गोळ्या घ्यायच्या. त्यांचं औषध पित्ताशयात उतरलं की ते फोटोत पांढरं दिसतं, अशी रीत. चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी खरडलेलं होतं. कंपाउंडरने त्याचं मराठी केलं, "रात्री हलकं खा."

त्या दिवशी एकादशी. आईने तुपात न्हालेली साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतली, मग गोळ्या. तापातसुद्धा खिचडीला तिचा नकार नसे.

सकाळी डॉक्टरांनी टायची गाठ चाचपत विचारलं, "काल तुपातेलाचं काही खाल्लं नाहीत ना?"

"छे हो, एकादशी होती," आई म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे उपासाचं खाणं खाण्यात धरतच नाहीत. पण हा गृहस्थ काय विलायतेत जन्मला होता? त्याच्याही घरी एकादशीला खिचडीच होत असणार. "व्हेरी गुड," म्हणाला दीडशहाणा.

मी शेजारीच उभी होते. खिचडी मीच केली होती. पण एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे तुपाचं काय बोलायचं, याची मला लाज वाटली.

फोटोत पित्ताशय दिसलंच नाही. पोटात तूप गेलं की पित्ताशय रिकामं होतं, औषध त्यात टिकत नाही, आणि अशा वेळी गोळ्या परत देऊन बघायचं असतं, हे मला फार पुढे कळलं. याने फोटो उजेडाला धरला, "निकामी झालंय, काढून टाका," म्हणाला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आठवड्यात ऑपरेशन झालं. सर्जनने काढलेलं पित्ताशय बरणीत घालून आम्हाला दाखवलं. खडा नाही, पू नाही. "वेळीच काढलं," तोही तोंड वर करून म्हणाला.

टाके निघाले त्याच दिवशी आईला पुन्हा हुडहुडी भरली. लघवी तपासली तेव्हा कळलं, दुखणं मूत्रपिंडाचं होतं. दहा दिवसांच्या गोळ्यांनी ते गेलं.

पोटावरच्या वीतभर वणावर हात ठेवून आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "लेक होती म्हणून वाचले." त्या डॉक्टरला मी आयुष्यभर शिव्या घातल्या, आईला मात्र खरं काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.