चाचांचा उजवा पाय

उस्मानचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात एका सर्किटमधला बिघाड शोधत होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार मनात आला तो हा, की आमचा वाद आता कायमचा अर्धवट राहिला... माणूस गेल्यावर असं काही सुचावं हे विचित्रच, पण आमचं नातंच तसं होतं. सात-आठ वर्षं आम्ही एकाच गोष्टीवरून भांडलो. ते भांडण नसतं तर मी शिरूरला त्यांच्या घरी इतक्या वेळा गेलो असतो का, कोण जाणे.

शिरूरमध्ये चाचांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. आमच्या कवठे येमाईतली निम्मी मंडळी त्यांच्याकडेच गाडी शिकली, मीही. शिकवताना त्यांचं तोंड असं सुटायचं की सोसायटीच्या चेअरमनचीही गय नसे. कुणी गाडी बांधावर चढवली आणि 'आपोआप गेली' म्हणालं, की संपलंच. "गाडीला काय इच्छा असती व्हय? पाय कुणाचा व्हता त्यो सांग!" हे ऐकल्याशिवाय आमच्याकडे कुणाला लायसन मिळालं नसेल.

मग ती बिनक्लचची गाडी आली. शिरूरच्या एका डॉक्टरांनी घेतलेली. त्या काळी आमच्याकडे अशा गाडीचं मोठं अप्रूप. 'आधी तुम्ही हात बसवा, मग मला शिकवा,' म्हणून डॉक्टरांनी ती दोन दिवस चाचांकडे ठेवली. चाचा हौसेनं चाचींना घेऊन राहू गावाला गेले, चाचींच्या माहेरी. परत निघताना अंगणातून गाडी मागे घ्यायची होती. चाची मागे उभ्या राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करत होत्या. गाडी एकदम उसळली आणि बंपर आणि पाण्याच्या हौदाचा कठडा यांच्यामध्ये चाचींचा पाय सापडला. पाय वाचला, पण वाकडा राहिला तो राहिलाच.

चाचांनी त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "माझा पाय चुकला." ते कुणालाच पटेना. इतकी वर्षं गाडी शिकवणारा माणूस ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांत गल्लत करेल? डॉक्टर म्हणाले, गाडीतच दोष असणार. कंपनीचा माणूस आला, कॉम्प्युटर लावून बघितलं, दोष नाही म्हणाला आणि गेला. मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस, मला तर चेवच चढला. त्या गाडीत ॲक्सिलरेटरपासून इंजिनापर्यंत खेचायची तारच नव्हती. पेडल किती दाबलं ते सेन्सर कॉम्प्युटरला सांगणार आणि कॉम्प्युटर इंजिनाला. मधे कुठं ओल गेली, एखादं कनेक्शन सैल झालं, तर भलताच निरोप जायचा, आणि नंतर तपासावं तर सगळं ठीकठाक. शिवाय चाची शपथेवर सांगत होत्या, "मागचं लाल दिवं लागल्यालं मी बघितलं. ह्यांचा पाय ब्रेकवरच व्हता."

यावरही चाचांचं उत्तर तयार. "डावा व्हता ब्रेकवर. जलमभर क्लच दाबलाय त्येनं, घाबरल्यावर सवयीनं गेला. आन् क्लचच्या शेजारी ब्रेक असतोय म्हणून उजवा गेला शेजारच्या पेडलवर. त्ये निघालं ॲक्सिलरेटर. दिवं बी लागलं आन् गाडी बी पळाली."

मला त्यांचं खोडून काढता येईना, त्यांना माझं. ब्रेक दाबलेला असताना गाडी एवढी उसळणार नाही, असं मी म्हणे. "तुझा कॉम्प्युटर तुझ्यापाशी ठिव," असं ते म्हणत. खरं सांगतो, मला राग यायचा. अख्खं गाव निर्दोष सोडायला तयार, आणि हा माणूस स्वतःच्याच विरुद्ध वकिली करतोय! एकदा मात्र म्हणाले, "आज मी म्हणलं गाडी चुकली, तर उद्या एखादं पोरगं कुणाला तरी उडवून येईल आन् त्येच म्हणंल. मंग मी कुठल्या तोंडानं बोलू?" स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा कधी हात लावला नाही. शिकवत राहिले, पण डाव्या सीटवरून. शिकवणीच्या गाडीला त्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात, ॲक्सिलरेटर नसतो.

चाचांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मी चाचींना भेटायला गेलो. बरंच इकडचं तिकडचं झालं, शेवटी राहवलं नाही. विचारलं, "चाची, तुम्हाला अजून वाटतं, गाडीच चुकली?"

"वाटतं काय? लाल दिवं ह्या डोळ्यांनी बघितलं मी." मग दोन्ही हातांनी पाय सरळ करत म्हणाल्या, "पर ह्यांच्यापाशी त्ये बोलायचं मी लई आधीच सोडलं."

पदर सारखा करून त्या सांगू लागल्या.

"हे झोपत न्हवते रे. तुमी समदी म्हणायची, तुमची चूक न्हाई, चूक न्हाई, आन् हे आपले छताकडं बघत पडल्याले. शेवटी एक दिवस मीच म्हणलं, व्हय, तुमचाच पाय चुकला. माझा पाय तुमीच मोडला. आन् मी तुमाला माफ केलं... हे ल्हान पोरागत रडले. त्या दिसापासनं झोप लागाया लागली. आन् सांजच्याला तेल कोमट करून माझा पाय चोळायचे. कवा खाडा न्हाई."

बोलता बोलता त्या उठल्या, लंगडत आत गेल्या आणि तेलाची वाटी घेऊन आल्या. खाली बसून स्वतःच पाय चोळू लागल्या. गुडघ्यापर्यंत जमलं. घोट्यापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.