मिस्त्रींचा कान

चादर पिळायला दोन माणसं लागतात. एक टोक मिस्त्रींच्या बायकोच्या हातात होतं, दुसरं बादलीत. "आलोच" म्हणून गेलेले मिस्त्री काही आले नव्हते. तिनं मागच्या दारातून हाक मारली, मग आवाज चढवून मारली. अंगणातल्या पत्र्याखाली, ट्रकच्या पोटात शिरलेल्या नवऱ्याचे पाय तेवढे दिसत होते. पाय हलले नाहीत.

हे दुखणं हिवाळ्यापासूनचं. पाठीमागे भांडं आपटलं तरी मिस्त्री वळून बघत नसत. पण सगळे ज्यांना 'कानसेन' म्हणतात, बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून कुठला बोल्ट सैल झालाय ते जे सांगत, त्यांना बायकोनं हे कुठल्या तोंडानं सांगावं? देवाच्या कानावर ती रोज घालत होती. नवऱ्याच्या कानावर एकदाही नाही.

ट्रक लाकूडवाल्याचा. खडकाळ रस्त्याला पोट घासतं म्हणून मिस्त्रींनीच तो उंच करून दिला होता. बॉडी वर गेली, तशी स्टेअरिंगची दांडी तिरकी झाली आणि इंजिनातून धूर नेणाऱ्या गरम पाइपाला टेकली. मिस्त्रींनी पाइप कापला, बाक देऊन पुन्हा जोडला, मध्ये बोटभर फट ठेवली. काम देखणं झालं होतं. तरी आज लाकूडवाला ट्रक घेऊन परत दारात.

"मिस्त्री, चढावर टकटक येतेय. वळवताना स्टेअरिंगही जरा अडतं."

"काही येत नाही," मिस्त्री ट्रकखालून बाहेर येत म्हणाले.

"अहो, माझे दात वाजतात!"

"मग दातवाल्याकडे जा."

लाकूडवाला हसला, पण बोटावर फिरणारी किल्ली थांबली. "उद्या माल भरून डोंगर उतरायचाय. तुम्ही हो म्हणालात तर निघतो. तुमच्या कानावर भरवसा आपला."

मिस्त्रींनी त्याला ब्रेक दाबून धरायला लावला आणि गिअर टाकून इंजिनाला जोर द्यायला सांगितलं. इंजिन एका अंगावर कललं. टक. टकटक. ओल्या हातांनी दारात उभ्या असलेल्या तिला ते स्वच्छ ऐकू आलं. मिस्त्री बॉनेटवर वाकले होते, डोळे मिटून, कान अगदी जवळ नेऊन.

"ठीक आहे. घेऊन जा."

तिनं ओले हात पदराला पुसले. गप्प बसावं तर नवऱ्याचा मान राहील. आणि उतारावर स्टेअरिंग अडकलं तर? लाकूडवाल्याच्या बायकापोरांना काय तोंड दाखवायचं?

तिनं पुढे होऊन त्यांचा दंड धरला. "अहो, आवाज येतोय."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"कळत काहीच नाही. ऐकू येतंय."

लाकूडवाल्यानं इंजिन बंद केलं आणि उगाच खाली उतरून टायर बघू लागला.

"कधीपासून माहीत आहे तुला?" मिस्त्रींनी विचारलं.

"हिवाळ्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

त्यांनी खडू पाण्यात कालवून स्टेअरिंगच्या दांडीला माखला, वाळू दिला. उस्तादानं शिकवलेली रीत. 'ही बहिऱ्यांसाठी' म्हणून ते इतर मिस्त्रींना चिडवायचे. इंजिनाला पुन्हा तसाच जोर द्यायला लावला. खाली शिरून बॅटरी मारली तर खडू एका जागी नखाएवढा पुसला गेलेला. पाइप तिथेच लागत होता.

"फट मी इंजिन स्वस्थ असताना मोजली," ते खालूनच म्हणाले. "जोर लागला की ते कलतं. त्याखालचं रबर मेलंय. पूर्वी हे मला..." 

लाकूडवाल्यानं किल्ली खिळ्याला अडकवली. "लाकडं कुठे पळून जात नाहीत, वहिनी. होईल तेव्हा कळवा."

मिस्त्रींना नाही, तिला म्हणाला. तेच तिला फार लागलं.

मिस्त्री बाहेर आले आणि कितीतरी वेळ हात पुसत राहिले. "तूही चल. तो दुकानदार हल्ली फार हळू बोलतो."

"हो ना," ती म्हणाली. "सगळेच हळू बोलतात हल्ली."

चादर बादलीतच राहिली. तिनं चपला पायात सरकवल्या आणि दोघं इंजिनाखालचं रबर आणायला स्पेअर पार्टच्या दुकानाकडे निघाली.